‘मुलाखती म्हणजे नुसत्या गप्पा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, संडासाचं काम थांबवलं आहे. खड्डा खणून झाला, विटा अंगणात येऊन पडल्या आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला: ‘ओडिशात १०० गावांवर शास्त्रीय प्रयोग झाला. संडास बांधूनही जुलाब कमी झाले नाहीत, म्हणजे संडास निरुपयोगी. आकडे खोटं बोलत नाहीत. गावकऱ्यांच्या मुलाखती म्हणजे नुसत्या गप्पा. दहा-वीस जण म्हणजे गाव नव्हे. आणि लोकांशी बोलत बसलं की प्रयोग बिघडतो.’ मी अशाच मुलाखती घेत गावोगाव फिरते. घरातलं काम या मेसेजमुळे अडलेलं बघून गप्प बसवत नाही.

‘संडास निरुपयोगी.’ प्रयोग खरा आहे. पुरी जिल्ह्यातली १०० गावं, निम्म्या गावांत संडास बांधायची मोहीम, निम्म्यांत नाही, आणि ही वाटणी चिठ्ठ्या टाकून करावी तशी. निकाल २०१४ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. मोहिमेच्या गावांत संडास असलेली घरं ९ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर गेली, तरी पाच वर्षांखालच्या मुलांतलं जुलाबाचं प्रमाण तिथे ८.८ टक्के आणि उरलेल्या गावांत ९.१ टक्के. फरक नाहीच म्हणायचा. पण ६३ टक्के घरांत संडास होता. तिथली माणसं तो वापरत होती, असं हा आकडा म्हणत नाही. अपुरा वापर हे एक संभाव्य कारण अभ्यासकांनीच मांडलं आहे. मेसेज लिहिणाऱ्याने तेवढंच गाळलं.

‘नुसत्या गप्पा.’ मग लोक का वापरत नाहीत, हे कुठल्या रकान्यात सापडणार? त्याच गटातल्या संशोधकांनी पुरीतच लोकांशी बसून बोलून ते शोधलं आणि २०१५ साली छापलं. बाहेर जायचं, तळ्यावर अंघोळ करायची, शुद्ध होऊनच घरात यायचं, ही तिथली रीत. संडास दारात आला, पाणी नाही आलं. ते बाईनेच वाहून आणायचं. कित्येक संडास अर्धवटच बांधलेले. हे कळल्याशिवाय पुढची मोहीम सुधारणार कशी?

आमच्याकडे वेगळं नाही. एका घरी मी फॉर्मवर ‘संडास आहे’ अशी खूण केली आणि दार उघडलं, तर छतापर्यंत गोवऱ्या रचलेल्या. माझी खूण बरोबरच होती. घरातली सून म्हणाली, ‘ताई, हापसा लांब आहे. दोन हंडे आणते, त्यात स्वयंपाक करू का हे धुऊ?’

‘दहा-वीस जण म्हणजे गाव नव्हे.’ बरोबर. किती टक्के लोकांना काय वाटतं, हे मुलाखतीतून काढायचंच नसतं. कोणी काढत असेल तर तो चुकतो.

‘बोलल्याने प्रयोग बिघडतो.’ यात थोडं तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य. वारंवार विचारणा झाली की माणूस वागणं बदलतो. म्हणून काय विचारायचं, कधी विचारायचं हे आधी ठरवतात. आणि फॉर्म घेऊन दारात उभं राहिलं की लोक सावध होत नाहीत का?

तात्या, खड्डा बुजवू नका. गवंड्याला परत बोलवायच्या आधी काकूंना विचारा, पाणी कुठून आणणार आणि दार कुठल्या बाजूला हवं.