चीनची तिआनश्या, पश्चिमेचे नियम आणि लहान देशांनी जायचं कुठे?

हल्ली फेसबुकवर आणि व्हॉट्सॲपवर एक सूर सारखा कानावर येतो, की पश्चिमेने जगावर लादलेली व्यवस्था आता मोडीत निघालीय, आणि चीनकडे हजारो वर्षं जुनी, शांततेची, अस्सल आशियाई कल्पना आहे तर तिला संधी द्यायला काय हरकत आहे. यातलं पश्चिमेबद्दलचं म्हणणं मला बरंचसं पटतं. दुसरं अजिबात पटत नाही, आणि ते इतक्या सहज फॉरवर्ड होतं याचा त्रास होतो म्हणून हे लिहितेय.

ती चिनी कल्पना म्हणजे तिआनश्या, आकाशाखालचं अवघं जग. मधे सम्राट आणि भोवती त्याचं मोठेपण मानणारे राजे. त्यांनी नजराणे पाठवायचे, त्यांच्या वकिलांनी दरबारात जमिनीला कपाळ टेकवायचं, बदल्यात सम्राट त्यांच्या गादीला मान्यता देणार, व्यापाराला परवानगी देणार, आणि परतीचा आहेर तर पुष्कळदा नजराण्याहून भारी देणार. आजचे झाओ तिंगयांगसारखे तत्त्वज्ञ म्हणतात की पाश्चात्त्य विचार देशापासून सुरू होतो म्हणून तो शेवटी भांडणापाशी पोचतो, तिआनश्या मात्र आख्ख्या जगापासून सुरू होते, तिच्यात परका कोणी नाहीच. वाचायला सुंदर आहे, खरंच. 2018 मध्ये चीनने राज्यघटनेत मानवजातीच्या सामायिक भवितव्याची भाषा घातली, तीही मला याच वळणाची वाटते.

पण धाकट्याने नाही म्हटलं तर काय? 1406 मध्ये चीनच्या मिंग घराण्याच्या फौजा व्हिएतनाममध्ये घुसल्या आणि वीस वर्षं बसल्या, ले लोई या व्हिएतनामी नेत्याने लढून त्यांना हाकललं तेव्हाच गेल्या, आणि जिंकल्यावर त्याच ले लोईला पुन्हा बीजिंगला नजराणे पाठवावे लागले कारण शेजार बदलता येत नाही. 1750 च्या दशकात छिएनलुंग सम्राटाने झुंगार या मंगोल लोकांचं राज्य असं चिरडलं की ते लोकच जवळजवळ नाहीसे झाले. आणि हे फार जुनं म्हणून सोडून द्यायचं तर 1979 घ्या, डेंग शियाओपिंगने व्हिएतनामला धडा शिकवायचा म्हणून सैन्य घातलं, आपले वाजपेयी तेव्हा परराष्ट्रमंत्री म्हणून चीनच्या दौऱ्यावर होते, ते दौरा अर्धवट टाकून परत आले. शांततेची परंपरा म्हणतात ती हीच का?

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. जुन्या व्यवस्थेत फटी भरपूर होत्या आणि लहान राज्यांनी त्या हुशारीने वापरल्या. व्हिएतनामचे राजे चीनसमोर राजे आणि घरी स्वतःला सम्राट म्हणवायचे. र्‍युक्यूच्या बेटांवर, म्हणजे आजच्या ओकिनावात, 1609 पासून जपानच्या सात्सुमा संस्थानाची सत्ता होती तरी ते बीजिंगला नजराणे पाठवत राहिले, चिनी वकील आले की जपानी माणसं लपवायचे. चाललं, कारण मोठ्याने बघून न बघितल्यासारखं केलं. पण त्याने बघायचं ठरवलं तर तुमच्या हातात काय? काहीच नाही.

आता पश्चिमेचं. 1648 च्या वेस्टफेलियाच्या तहांपासून सगळे देश बरोबरीचे झाले असं आपण परीक्षेत लिहितो, प्रत्यक्षात ती बरोबरी हळूहळू घडली आणि फार काळ गोऱ्यांपुरतीच होती. 1793 मध्ये मॅकार्टनी ब्रिटिश राजाचा वकील म्हणून गेला, कपाळ टेकवायला तयार झाला नाही, आणि छिएनलुंगने कळवलं की तुमच्या मालाची आम्हाला गरज नाही. पन्नास वर्षं व्हायच्या आत ब्रिटिशांनी तोफा डागून 1842 चा नानजिंग तह सहीला लावला, हाँगकाँग घेतलं, पाच बंदरं उघडली, वर 2 कोटी 10 लाख चांदीचे डॉलर. तेही अफू विकता यावी म्हणून. त्या अफूत आपल्याकडचाही वाटा आहे हे विसरू नये, शिंदे-होळकरांच्या माळव्यातली अफू मुंबई बंदरातून चीनला जायची आणि जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्या मुंबईच्या बड्या व्यापाऱ्यांची श्रीमंती त्यातूनही आली. पुढे 1919 ला, पहिल्या महायुद्धात दोस्तांसाठी लाखाहून जास्त चिनी मजूर युरोपात राबले असताना, व्हर्सायमध्ये शानडाँगमधले जर्मनीचे हक्क जपानला देऊन टाकले. चीनने सही केली नाही, योग्यच केलं. 2003 चा इराक तर आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला. त्यामुळे अमेरिका-युरोपने नियमांवर प्रवचन दिलं की चिनी माणसाला राग येतो, तो मला पूर्ण समजतो.

तरीही मी त्या कागदावरच्या बरोबरीच्याच बाजूची आहे. कारण तो कागद लहानाच्या हातात राहतो. मध्य अमेरिकेतल्या छोट्या निकाराग्वाने आपल्याविरुद्ध बंडखोर पोसल्याबद्दल अमेरिकेला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं आणि 1986 ला केस जिंकली. अमेरिकेने निकाल मानला नाही, सुरक्षा परिषदेत व्हेटो वापरला, पण दोषी ठरली ती ठरलीच. मॉरिशस बघा, एवढासा देश, आपली मराठी माणसंही पिढ्यान्‌पिढ्या आहेत तिथे. स्वातंत्र्य द्यायच्या आधी ब्रिटनने त्यांची चागोस बेटं तोडून घेतली, तिथल्या रहिवाशांना हुसकावलं. मॉरिशस भांडत राहिला, 2019 ला न्यायालयाचं मत त्यांच्या बाजूने आलं आणि 2025 मध्ये ब्रिटनला बेटांचं सार्वभौमत्व देण्याच्या करारावर सही करावी लागली. त्यातल्या दिएगो गार्सिया बेटावरचा लष्करी तळ करारानुसार 99 वर्षांच्या भाड्याने राहणार, म्हणजे विजय अर्धाच आहे, पण तिआनश्यात ही तक्रार दाखल करायला खिडकीच नव्हती.

फिलिपिन्सनेही हेच केलं. 2016 मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाचा निकाल आला की दक्षिण चीन समुद्रात चीनने नकाशावर ओढलेल्या नऊ रेघांच्या आतल्या साधनसंपत्तीवर ऐतिहासिक हक्क सांगायला कायद्याचा आधार नाही. चीन सुनावणीला गेलाच नाही आणि निकाल रद्दबातल म्हणाला. अमेरिकेने निकाराग्वाच्या वेळी केलं तेच केलं की, मग नवीन व्यवस्था कुठली?

आणि आपण? 2014 मध्ये बंगालच्या उपसागराच्या वादात लवादाने साधारण 25,600 चौरस किलोमीटरपैकी 19,467 बांगलादेशला दिले आणि भारताने तो निकाल मानला. मोठ्या देशाने लहान शेजाऱ्यापुढे हार मान्य केली, याचा मला मनापासून अभिमान आहे आणि आपल्याकडे याची चर्चाच होत नाही. फिलिपिन्सच्या वेळी मात्र 2016 ला आपण निकालाची नुसती नोंद घेतली, तो पाळला पाहिजे असं स्पष्ट म्हणायला 2023 उजाडलं. स्वतः हरलेला निकाल पाळणाऱ्या देशाने हे पहिल्याच दिवशी मोठ्याने म्हणायला हवं होतं.