धाकट्या चिरंजीवांसाठी धर्मसेवेची वाट

आपण अठराव्या शतकातल्या इंग्लंडात एखाद्या जमीनदाराचे धाकटे चिरंजीव म्हणून जन्माला आला असाल, तर हळहळू नये. इस्टेट थोरल्याकडे गेली तरी आपल्यासाठी ‘बेनिफिस’ आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ उपकार. फ्रँक राजे सरदारांना चाकरीच्या बदल्यात हयातीपुरती जी जमीन तोडून देत, तिला हे नाव पडले, आणि चर्चने ते धर्मपदाला जोडलेल्या कायम उत्पन्नासाठी वापरले. इंग्रज या प्रकाराला सरळ ‘लिव्हिंग’, म्हणजे पोटापाण्याची सोय, म्हणतात. चाकरीची अट वाटेत कुठे गळून पडली, याची चौकशी आपण करू नये.

व्हायचे तर रेक्टर, म्हणजे पूर्ण हक्काचा गावपाद्री, व्हावे. गावच्या धान्याचा आणि गवताचा दशांश त्याच्या कोठारात येतो; व्हिकर म्हणजे मुळात त्याचा बदली माणूस, त्याची बोळवण बहुधा अंडी, फळे आणि डुकराची पिल्ले यांच्या दशांशावर होते.

पदावर माणूस नेमण्याचा हक्क ही रीतसर मालमत्ता असून तिच्या विक्रीच्या जाहिराती वर्तमानपत्रांत येतात. पद रिकामे असताना हा हक्क विकत घेणे म्हणजे ‘सायमनी’, धर्मपदाचा बाजार मांडण्याचे पाप. मात्र विद्यमान पाद्रीबुवा हयात असताना पुढच्या एका नेमणुकीचा हक्क घेतला, तर तो सभ्य गृहस्थांचा व्यवहार ठरतो. म्हणून घर किती खोल्यांचे आहे हे पाहण्याआधी बुवांचे वय पाहावे, आणि जमल्यास एखाद्या रविवारी मागच्या बाकावर बसून त्यांचा खोकला ऐकून यावे. पैसे वडिलांना मोजू द्यावेत, कारण पाद्र्याने स्वतःसाठी असा हक्क घेण्यास ॲन राणीच्या काळातल्या कायद्याने बंदी आहे. त्यानंतर सायमनी न केल्याची शपथ निःशंक मनाने घ्यावी.

पुढचे सोपे आहे. चर्चच्या दाराच्या किल्लीवर हात ठेवावा, घंटा वाजवावी, भरल्या चर्चमध्ये एकोणचाळीस धर्मकलमे वाचून दाखवावीत. मग आपल्याला हयातभर सहसा कोणी हलवू शकत नाही. प्रवचने, बारसी आणि दफने यांसाठी तुटपुंज्या पगारावर एक क्युरेट, म्हणजे मदतनीस पाद्री, ठेवावा आणि आपण दुसऱ्या लिव्हिंगच्या शोधाला लागावे. फक्त घाई करावी. 1838 साली कायदा येणार असून, त्यानंतर नव्याने पद घेणाऱ्याला दोहोंवरच समाधान मानावे लागेल, आणि तीही एकमेकांपासून दहा मैलांच्या आत हवीत.