मॅकचे प्रोसेसर एआरएम कंपनी पुरवते काय? : एक खुलासा

'अ‍ॅपलने इंटेलला सोडले आणि आता मॅक संगणकांसाठीचे प्रोसेसर एआरएम ही कंपनी पुरवते', या फिरत असलेल्या विधानाचा पहिला भाग खरा असला, तरी दुसरा चुकीचा आहे. २२ जून २०२० रोजी अ‍ॅपलने इंटेलपासून दूर जाण्याचे जाहीर केले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एम१ प्रोसेसर असलेले मॅक बाजारात आले, याबद्दल वाद नाही. मात्र मॅकसाठीच्या तयार चिप एआरएम विकत नाही. प्रोसेसरला कोणत्या आज्ञा समजाव्यात हे ठरवणारा आज्ञासंच ती परवान्याने देते, त्यावर आधारित चिपचा आराखडा अ‍ॅपलचे अभियंते स्वतः करतात आणि तिचे प्रत्यक्ष उत्पादन तैवानमधील टीएसएमसी करते. म्हणजे इंटेलच्या जागी तसाच दुसरा विक्रेता आलेला नाही. २००५ साली पॉवरपीसी हे तेव्हाचे प्रोसेसर सोडून इंटेलकडे जाण्याची घोषणा झाली तेव्हा मात्र असा नवा विक्रेता आला होता. बहुधा त्याच आठवणीतून हा गोंधळ झाला असावा. 'जुने प्रोग्रॅम लगेच बंद पडले' हेही सरसकट खरे नाही, कारण इंटेलसाठी लिहिलेले बहुतेक प्रोग्रॅम रोझेटा २ या मॅकमधील सॉफ्टवेअरमुळे नव्या चिपच्या आज्ञांत भाषांतरित होऊन चालत राहिले. बूट कॅम्प या इंटेल मॅकमधील सुविधेतून विंडोज चालवण्याची सोय मात्र या मॅकवर उरली नाही.