फडक्यांचं वकीलपत्र कोणी घेतलं होतं?

२२ जून, म्हणजे चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली तो दिवस, जवळ आला की पुण्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर ठरलेलं भांडण सुरू होतं. एक गट म्हणतो, स्वातंत्र्य क्रांतिकारकांच्या रक्तानं आलं, बाकीचे नुसते अर्ज-विनंत्या करत बसले. दुसरा म्हणतो, चार गोळ्यांनी साम्राज्य हलत नसतं. मला दोघांचाही राग येतो. आपल्याच शहरात काय घडलं ते दोघांनीही नीट वाचलेलं नसतं.

वासुदेव बळवंत फडके घ्या. लष्कराच्या हिशेब खात्यातले कारकून. वामनराव भावे आणि इंदापूरकरांबरोबर त्यांनी पुण्यात शाळा काढली होती. लहुजी वस्तादांच्या तालमीत घाम गाळला आणि न्यायमूर्ती रानड्यांची व्याख्यानंही ऐकली. देशातला पैसा बाहेर कसा वाहून चाललाय, हे त्यांना कळलं ते तिथं, मवाळांच्या सभेत! त्यात १८७६-७७ चा दुष्काळ. माणसं अन्नावाचून मरत होती आणि सरकार ढिम्म. १८७९ मध्ये फडक्यांनी रामोशी, कोळी गडी जमवून बंड केलं. जुलैत पकडले गेले. पुण्यात खटला उभा राहिला तेव्हा त्यांचं वकीलपत्र घेतलं सार्वजनिक काकांनी. तेच गणेश वासुदेव जोशी, ज्यांनी सार्वजनिक सभा उभारली, जे १८७७ च्या दिल्ली दरबारात खादी घालून गेले. सनदशीर मार्गाचा हा कट्टर माणूस राजद्रोह्याच्या बाजूनं कोर्टात उभा राहिला. त्या काळात याला केवढी छाती लागत असेल!

१८९७ ची गोष्ट अवघड आहे आणि ती अवघडच सांगायला हवी. प्लेगच्या नावाखाली गोरे सोल्जर घराघरांत, देवघरांत घुसत होते, तक्रारींना कुणी दाद देत नव्हतं. गणेशखिंडीत प्लेगचा अधिकारी रँडला गोळी लागली, त्याच्याबरोबर लेफ्टनंट आयर्स्टही मेला. तिघे चाफेकर बंधू आणि त्यांचे साथीदार महादेव विनायक रानडे (न्यायमूर्ती नव्हेत) फासावर गेले. त्यांच्यापुढे मी नतमस्तक आहे. पण हेच चाफेकर समाजसुधारकांचा मनस्वी द्वेष करायचे, हेही खरं. ते लपवून केलेली भक्ती मला खोटी वाटते.

गोळ्यांनी काय साधलं, असं विचारणाऱ्यांनी १९०८ बघावं. बाँबच्या प्रकरणावर ‘केसरी’त लिहिल्याबद्दल टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस संपावर गेले. बाँब बंगालमध्ये, लेखणी पुण्यात, संप गिरणगावात. आता यातून जहाल कुठला आणि लोकांची चळवळ कुठली, हे वेगळं काढून दाखवा.

आणि जानेवारी १९४३. पुण्याच्या लष्कर भागातल्या कॅपिटॉल थिएटरात बाँब फुटला, गोरे सैनिक मेले. करणारे ‘चले जाव’नं पेटलेले तरुण. त्यांच्यातल्या भास्कर कर्णिकांनी फरासखाना पोलीस चौकीत विष घेतलं, पण साथीदारांची नावं सांगितली नाहीत. त्या वेळी गांधीजी याच पुण्यात, आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध होते. हिंसा त्यांना मान्य नव्हती, तरी या पोरांना घराबाहेर काढलं ते त्यांच्याच हाकेनं.

ग्रुपवर भांडणाऱ्यांपैकी कुणी दौलतराव नाईकांचं नाव घेतलेलं मी अजून पाहिलं नाही. फडक्यांच्या बंडातला हा रामोशी सरदार मे १८७९ मध्ये इंग्रजांशी लढताना पडला. येत्या १७ फेब्रुवारीला, फडक्यांच्या पुण्यतिथीला, त्यांच्या फोटोशेजारी दौलतरावांचं आणि त्या रामोशी गड्यांचं नाव लिहा. निदान मी तरी लिहिणार आहे.