थर्मामीटर फेब्रुवारीत आले

आमच्या बी.एड.च्या बॅचचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. एरवी त्यावर गुड मॉर्निंगची फुलं आणि निवृत्तीचे सत्कार यापलीकडे फारसं काही येत नाही. पण दत्तक शाळेचा विषय निघाला की सगळे खडबडून जागे होतात. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं निर्णय काढला होता. कंपन्यांनी, ट्रस्टनी, सधन माणसांनी सरकारी शाळा पाच किंवा दहा वर्षांसाठी दत्तक घ्यायच्या, वस्तू आणि सेवा पुरवायच्या, आणि हवं असेल तर तेवढ्या काळापुरतं आपलं नाव शाळेच्या नावाला जोडायचं. मध्यंतरी हा वाद पुन्हा पेटला आणि एकानं लिहिलं, "अमेरिकेत बघा. कंपन्या आणि पालक मिळून शाळा चालवतात. आपल्यालाच प्रत्येक खडूसाठी सरकार लागतं." आणि खाली माझं नाव टाकून, "मॅडम, तुम्हीच सांगा यांना."

सांगते. त्याला आवडेल याची खात्री नाही.

मी टेक्सासमधल्या एका उपनगरात सातवीला विज्ञान शिकवते. दिवसाला पाच वर्ग, दीडशेच्या आसपास मुलं. त्याआधी सोलापूर जिल्ह्यात एका विनाअनुदानित शाळेत पाच वर्षं काढली, 'अनुदान आलं की बघू' या बोलीवर. लग्नानंतर इकडे आले. २०१५ मध्ये नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकांपैकी काहींना कामाचा परवाना मिळायला लागला, तेव्हा इथल्या परीक्षा देऊन पुन्हा खडू हातात घेतला. खडू म्हणजे मार्कर. तोही स्वतःच विकत घेतलेला.

पहिल्या वर्षी उष्णतेचा धडा होता आणि मला तीस थर्मामीटर हवे होते. माझ्या वर्गाला वर्षाला दोनशे डॉलर मंजूर होते, म्हणजे मुलामागे सव्वा डॉलरहून थोडे जास्त. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मागणीपत्र भरलं. ते शाळेच्या सेक्रेटरीकडे, तिथून उपमुख्याध्यापकांकडे, तिथून डिस्ट्रिक्टच्या खरेदी विभागाकडे गेलं. (इथल्या 'स्कूल डिस्ट्रिक्ट'चा महसुली जिल्ह्याशी संबंध नाही. स्वतःचा मालमत्ता कर लावणारी, स्वतःचं निवडून आलेलं मंडळ असलेली ती वेगळी संस्था असते.) खरेदी विभागानं कळवलं की यादीतल्या पुरवठादाराकडूनच घ्यावं लागेल. यादीतल्या पुरवठादाराच्या कॅटलॉगमध्ये तेच थर्मामीटर दुपटीला. मग पंधराच मागवले. ते फेब्रुवारीत आले. उष्णतेचा धडा ऑक्टोबरातच संपला होता, घरून आणलेल्या दोन थर्मामीटरवर आणि मुलांच्या बोटांवर.

त्याच हिवाळ्यात आमच्या डिस्ट्रिक्टच्या हायस्कूलच्या फुटबॉल मैदानावर नवं कृत्रिम गवत अंथरलं गेलं. मी मुख्याध्यापकांना विचारलं, "गवताला पैसे आहेत आणि थर्मामीटरला नाहीत, हे कसं?" माणूस भला होता. त्यांनी कागदावर दोन चौकोन काढले. एक खिसा चालू खर्चाचा, त्यात पगार, वीज, कागद, थर्मामीटर. दुसरा खिसा कर्जरोख्यांचा, त्यात इमारती, मैदानं, बस. दुसऱ्यासाठी मतदार वेगळं मतदान करतात, वेगळा कर भरतात, आणि त्यातला डॉलर पहिल्या खिशात टाकला तर तो कायद्याचा भंग होतो. डॅलसच्या उत्तरेला अॅलन नावाचं गाव आहे. तिथल्या हायस्कूलचं अठरा हजार खुर्च्यांचं फुटबॉल स्टेडियम २०१२ मध्ये सहा कोटी डॉलरला उभं राहिलं, आणि दोन वर्षांत काँक्रीटला तडे गेले म्हणून बंद ठेवावं लागलं. लोकांनी रीतसर मत देऊन मंजूर केलेला पैसा तो. चालू खर्चाच्या खिशाचं म्हणाल तर राज्याकडून मुलामागे मिळणारा मूळ आकडा २०१९ पासून ६,१६० डॉलरवर अडकला होता. महागाई कुठल्या कुठे गेली. २०२५ मध्ये विधिमंडळानं शिक्षकांच्या पगारासाठी आणि इतर कामांसाठी मोठी वेगळी तरतूद केली, पण त्या मूळ आकड्यात भर पडली ५५ डॉलरची.

दोन खिशांचं हे चित्र मला ओळखीचं वाटलं. आमदार निधीतून खोली बांधून मिळते, खासदार निधीतून कुंपण होतं, दोन्हीच्या कोनशिला बसतात. खडूच्या पेटीवर कोनशिला बसवता येत नाही.

हजेरीचंही तसंच. टेक्सासमध्ये पैसा पटावर मिळत नाही, रोजच्या सरासरी उपस्थितीवर मिळतो. सकाळच्या एका ठरलेल्या वेळी हजेरी लागते आणि त्या क्षणी बाक रिकामा असेल तर तेवढा पैसा गेला. फ्लूची साथ आली की आमच्या ऑफिसात आधी आकडेमोड होते, मग हळहळ. दिवे मात्र तेवढेच लागतात आणि बाईही तेवढीच लागते, वर्गात पंचवीस असोत की तीस. माझ्या दादाला हे सांगितलं तर तो खो खो हसला. तो मंगळवेढा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. ३० सप्टेंबरचा पट, त्यावर ठरणारी शिक्षकांची संख्या म्हणजे संचमान्यता, आणि खोटा पट शोधायला २०११ मध्ये झालेली पटपडताळणी यांतून तो तावून सुलाखून निघालाय. "म्हणजे तुमची रोजच पटपडताळणी म्हण की," तो म्हणाला.

आता ग्रुपवरच्या मित्राचा मुद्दा, कंपन्या आणि पालक. पालक देतात, हे खरं. आधी मी हायवेच्या अलीकडच्या शाळेत होते. तिथे बरीच घरं आपल्याच आयटीवाल्यांची. पालक संघटनेनं एका शनिवारच्या जत्रेत जमवलेल्या पैशातून अख्ख्या प्रयोगशाळेला सूक्ष्मदर्शक आले होते. आता हायवेच्या पलीकडे आहे. डिस्ट्रिक्ट एकच आणि नियमही तेच. इथले पालक दोन-दोन नोकऱ्या करतात. जत्रा भरवायला शनिवार मोकळा लागतो. पालकांच्या जोरावर शाळा चालवायची म्हटलं की ज्याला आधीच आहे त्यालाच आणखी मिळतं, हे मी एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना उभं राहून पाहिलंय.

आणि कंपन्या? डिसेंबर २०२१ मध्ये साउथ डकोटातल्या सू फॉल्स शहरात आइस हॉकीच्या सामन्याच्या मध्यंतरात बर्फावर गालिचा टाकून त्यावर पाच हजार डॉलरच्या एक-एकच्या नोटा ओतल्या गेल्या. दहा शिक्षक गुडघ्यांवर बसून त्या गोळा करत होते, अंगरख्यात कोंबत होते. प्रेक्षक टाळ्या वाजवत होते. ज्याला जेवढ्या मिळतील तेवढ्या त्याच्या वर्गाला. व्हिडिओ जगभर फिरला, आयोजकांनी माफी मागितली. मी तो पाहिला तेव्हा पहिल्यांदा लाज वाटली, आणि लगेच मनात आलं की त्यातल्या चारशे डॉलरमध्ये माझे सगळे थर्मामीटर आले असते. तो दुसरा विचार मला जास्त टोचतो.

इतकं उघडंनागडं रोज घडत नाही. रोजची पद्धत सभ्य आहे. ब्राँक्समधल्या एका शिक्षकानं २००० साली 'डोनर्सचूज' सुरू केलं. शिक्षकानं तिथे आपल्या वर्गाची गरज लिहायची, अनोळखी माणसं पैसे देतात, वस्तू शाळेत येते. काम चोख आणि हिशोब स्वच्छ. मीही त्यावर मागितलंय आणि मिळालंय. पण लिहिताना काय होतं ते सांगते. मुलांची गरिबी थोडी ठळक करावी लागते. 'माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांना...' अशी सुरुवात केली की पैसे लवकर जमतात, हे दोनतीनदा लिहिल्यावर कळतं. नंतर मुलांकडून आभाराची पत्रं लिहून घ्यायची, वर्गाचे फोटो पाठवायचे. गावाकडे पुढाऱ्याच्या वाढदिवसाला वह्यावाटप असायचं. वही एका हातात आणि तिचं दुसरं टोक पुढाऱ्याच्या हातात धरून फोटो होईपर्यंत मुलं उन्हात उभी. ती मुलं तेव्हा मला डोळ्यांपुढे दिसली.

उरलेलं खिशातून. २०१४-१५ या शालेय वर्षाचा सरकारी पाहणीचा आकडा आहे: इथल्या सरकारी शाळांतल्या ९४ टक्के शिक्षकांनी वर्गासाठी स्वतःचे पैसे घातले, सरासरी ४७९ डॉलर. सरकारला हे माहीत आहे, इतकं की करकायद्यात त्यासाठी खास वजावट आहे. २००२ पासून अडीचशे डॉलरची होती, २०२२ मध्ये तीनशेची झाली. ते पैसे परत मिळत नाहीत, तेवढ्यावरचा कर वाचतो. तीनशेवर माझ्या करटप्प्याला ६६ डॉलर. शिक्षकानं पदरमोड करायचीच, हे सरकारनं छापील फॉर्मवर मान्य केलं आहे, याचं मला अजून नवल वाटतं.

म्हणून ग्रुपवर मी लिहिलं की दत्तक योजनेचं समर्थन करायचं तर खुशाल करा, पण अमेरिकेचा दाखला देऊ नका. इथे दात्यांमुळे सरकारचा हात सैल झालेला मी पाहिला नाही. 'पालक संघटना बघेल', 'देणगीवाल्या साइटवर टाका' हे आमच्या मीटिंगमधलं नेहमीचं उत्तर आहे, आणि हे उत्तर मिळालं की मागणीपत्र तिथेच मरतं. शिवाय आपल्याकडे एक गोष्ट आहे जी इथे नाही. शिक्षण आपल्या घटनेत मूलभूत हक्क आहे, २००२ च्या घटनादुरुस्तीपासून. याच टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या गरीब वस्तीतले पालक, आमच्या शाळांना कमी पैसा मिळतो म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. १९७३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला की शिक्षण हा अमेरिकेच्या राज्यघटनेनं दिलेला मूलभूत हक्क नाही. ज्यांच्याकडे हक्क आहे त्यांनी तो बाजूला ठेवून आश्रयदाते शोधावेत, याला मी काय म्हणू?

यावर दादानं मला वेगळा फोन करून झापलं, आणि त्याचं चुकलं नव्हतं. "अगं, तुला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो. तू थर्मामीटरचं रडगाणं गातेस. आझाद मैदानात अनुदानासाठी मांडवात बसलेल्या शिक्षकांना जाऊन सांग." सरकारी अनुदान कधीच मिळणार नाही अशा 'कायम विनाअनुदानित' शाळांतला 'कायम' हा शब्द २००९ मध्ये निघाला, आणि त्यानंतरही पगाराचं अनुदान वीस टक्के, चाळीस टक्के करत माणसांची वयं गेली. माझ्या जुन्या शाळेतले एक सर शिकवून झाल्यावर ऊसतोडीच्या टोळ्यांचा हिशोब लिहायचे. त्यांच्यापुढे माझं फेब्रुवारीतलं पार्सल म्हणजे चोचलेच.

तरी एक गोष्ट मला इथली हवी आहे आणि ती पैशाची नाही. आमच्या डिस्ट्रिक्टचं अंदाजपत्रक कुणालाही वाचता येतं, आणि मंडळाच्या सभेत कुणीही चिठ्ठी देऊन माईकवर बोलू शकतं. तीन मिनिटं. टेक्सासमध्ये सरकारी शिक्षकांना संप करायला कायद्यानं बंदी आहे, सामूहिक करारालाही बंदी, तेव्हा हीच काय ती तीन मिनिटं. दोन वर्षांपूर्वी मी गेले. कॅटलॉगमधली किंमत आणि दुकानातली किंमत, दोन्ही छापून नेल्या आणि वाचल्या. वरिष्ठांनी माना डोलावल्या, बझर वाजला, मी खाली बसले. पण मंडळावरच्या एका बाईंनी खरेदी अधिकाऱ्याला तिथल्या तिथे विचारलं, हे खरं का? पुढच्या सत्रापासून नियम आला: शिक्षकानं पंचाहत्तर डॉलरपर्यंतची वस्तू कुठूनही घ्यावी, पावती द्यावी, पैसे परत मिळतील. पंचाहत्तर डॉलर. माझ्या आयुष्यातला एवढाच काय तो प्रशासनावरचा विजय.

तो पंचाहत्तरचा नियम मला त्या सूक्ष्मदर्शकांपेक्षा मोलाचा वाटतो, आणि याचं कारण महाराष्ट्रातल्या गणवेशांत आहे. २०२४-२५ मध्ये 'एक राज्य, एक गणवेश' म्हणून कापडाची खरेदी वरून एकदम झाली. आधी हे काम गावची शाळा व्यवस्थापन समिती करायची. स्वातंत्र्यदिन आला तरी कितीतरी मुलांना गणवेश नव्हते, आले ते मापाचे नव्हते. डिसेंबर २०२४ मध्ये काम पुन्हा समित्यांकडे गेलं. गावच्या शिंप्याला पोरगं समोर दिसतं, मंत्रालयाला दिसत नाही, एवढं शिकायला एक शालेय वर्ष गेलं. माझा खरेदी विभाग तरी वेगळं काय करत होता?

दादाच्या शाळेत ४८ मुलं. समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेच्या निकषानं एकतीस ते शंभर पटाला शाळेच्या किरकोळ खर्चासाठी वर्षाला २५ हजार रुपये संयुक्त अनुदान. त्यातले दहा टक्के स्वच्छतेला. दादा सांगतो की ते हप्त्याहप्त्यानं येतं, शेवटचा हप्ता मार्च संपता संपता, आणि मग पैसे खर्च झाल्याच्या दाखल्यासाठी, म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्रासाठी, गटशिक्षणाधिकारी कार्यालयाचे फोन सुरू. वीजबिल भरून उरलेल्यात खडू, रजिस्टरं, दुरुस्ती. पूर्वी सर्व शिक्षा अभियानात शिक्षकाला साहित्यासाठी वर्षाला ५०० रुपये मिळायचे. त्या पाचशेतून त्यानं केलेले अपूर्णांकांचे पुठ्ठे अजून भिंतीवर आहेत.

परवा त्याचा पुन्हा फोन आला. तालुक्यातल्या एका कारखान्याचा प्रस्ताव आलाय. रंगरंगोटी, स्मार्ट टीव्ही, दारावर नाव. शनिवारी समितीची सभा आहे. "तू एवढं लिहितेस, तर ठरावात काय घालू ते सांग."

मी म्हटलं, "टीव्ही नको म्हण. त्याऐवजी दरवर्षी दहा हजार शाळेच्या खात्यावर द्या म्हण. पावत्या आम्ही दाखवू, काय घ्यायचं ते आम्ही ठरवू. आणि पैसे जूनमध्ये."

"रोख चालत नाही त्या योजनेत. वस्तूच द्यायच्या."

"का बरं?"

"आमच्यावर विश्वास नाही म्हणून," तो म्हणाला, आणि टीव्ही किती इंची आहे ते सांगायला लागला.