काळ्या मातीत सिमेंटचं टाकं की पन्नीचं तळं? एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची तक्रार थोडक्यात अशी: चार बाय तीनचा, दीड फूट खोल खड्डा केला, निळी ताडपत्री अंथरली, बारा गोल्डफिश सोडले, पाणी ‘पिकावं’ म्हणून घमेलंभर शेण टाकलं. एप्रिल संपता संपता एका सकाळी सगळे मासे उलटे. म्हणून पन्नीचं, म्हणजे प्लॅस्टिक अंथरलेलं, तळं म्हणजे पैसा पाण्यात, सिमेंटचं टाकंच बांधायला हवं होतं. शिवाय डासांची भीती आणि पाण्याची नासाडी.

आधी सिमेंटचं. तुमची जागा काळ्या मातीची आहे हे तुम्हीच लिहिलंय. ही माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. या ओढाताणीत साधं विटांचं टाकं तडकायचंच. माती काढून मुरूम भरला, तळाला सळई घातली तर टिकेल, पण मग ते स्वस्त कुठलं? शिवाय नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो. दोन-तीन आठवडे पाणी भरून, उपसून, परत भरल्याशिवाय त्यात मासा सोडता येत नाही. पन्नी मातीबरोबर हलते, तडकत नाही.

मात्र निळी ताडपत्री नको. ती उन्हात लवकर विरते. शेततळ्याला वापरतात ती 500 मायक्रॉनची काळी पन्नी घ्या. अस्तर जोडणाऱ्यांकडे उरलेले तुकडे असतात, ते स्वस्तात सुटतात. माप असं काढा: लांबी, अधिक खोलीची दुप्पट, अधिक दोन्ही काठांना एकेक फूट. रुंदीचंही तसंच. म्हणजे सहा बाय चार, अडीच फूट खोल खड्ड्याला 13 बाय 11 फूट. अंथरण्याआधी खड्ड्यातले खडे आणि पऱ्हाटीची खुंटं वेचा, मग बारदाना किंवा खताची रिकामी पोती घाला. काठावरची पन्नी फरशीच्या तुकड्यांनी आणि मातीने पूर्ण झाका. पाण्याखालची पन्नी टिकते, फाटते ती ऊन खाणारी.

आता मासे. ते सकाळी मेलेले दिसले, यातच बरंचसं उत्तर आहे. नुसत्या उष्णतेने मेले असते तर बहुधा दुपारीच तरंगले असते. 25 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 8 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 35 अंशांना सुमारे 7. फरक थोडा वाटतो, पण गरम पाण्यात माशाची गरजही वाढते. त्यात शेण कुजताना ऑक्सिजन खातं, आणि दिवसा ऑक्सिजन देणारं हिरवं शेवाळ रात्री तोच ओढून घेतं. त्यामुळे पहाटे पाण्यात सगळ्यात कमी ऑक्सिजन उरतो. मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात ते याच वेळी. शेण घालायची रीत मत्स्यशेतीच्या मोठ्या तळ्यांची आहे. तुमच्या जेमतेम 500 लिटरांत तिचं काय काम?

खड्डा वाढवून सहा बाय चार बाय अडीच फुटांचा केला तर त्यात साधारण 1700 लिटर पाणी बसतं. एवढं पाणी लवकर तापत नाही. मार्चपासून पाऊस लागेपर्यंत वर 50 टक्क्यांची हिरवी शेडनेट ताणा, पश्चिमेकडून खाली उतरती. गोल्डफिश आपल्या उन्हाळ्याचा मासा नव्हे. 20-25 गप्पी पुरेत, पुढे त्यांचे तेच वाढतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, डासांच्या अळ्या खाण्यासाठी गप्पी तिथून मिळू शकतात. डासांची भीती तुम्ही लिहिलीय, तिचाही बंदोबस्त झाला. पण हे मासे नाल्यात किंवा गावतलावात सोडू नका, तिथल्या माशांना ते त्रास देतात. खाद्य दोन-तीन मिनिटांत संपेल इतकंच, दिवसातून एकदा.

पाण्याच्या नासाडीचा मुद्दा मात्र मला पटतो. मे महिन्यात उघड्या तळ्यातून रोज एक ते दीड सेंटीमीटर पाणी उडतं, म्हणजे या मापाला दीड-दोन बादल्या. नेटखाली कमी. गावात टँकर येत असेल तर हा नाद करूच नका. भर घालायची ती संध्याकाळी. बोअरच्या पाण्यात ऑक्सिजन कमी असतो, म्हणून ते उंचावरून धार धरून सोडा. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग असेल तर ते एक दिवस उघड्या ड्रममध्ये ठेवा.

खड्डा वाढवायचा तर पावसाआधीच, आणि काठ सहा इंच उंच. वावरातलं पाणी आत आलं तर खत-औषधही येतं. कपाशीवरचा फवारणी पंप तळ्याजवळ धुवायचा नाही. पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं अगदी थोडी उतरली तरी मासे मरतात. पावसाळ्यात तळं रिकामं ठेवू नका, खालून पाणी चढलं की पन्नी फुगून वर येते. घरात लहान लेकरू असेल तर पहिल्या दिवसापासून वर लोखंडी जाळी बसवा.