रात्रगस्त जरूर घाला, पण पोलीस ठाण्याच्या नोंदीने

घरफोड्या वाढल्याची चर्चा सुरू झाली की कोल्हापूरच्या उपनगरांत तरुण मंडळांची मुले रात्रगस्त सुरू करतात. दिवसभर उद्यमनगरात लेथवर उभे राहून रात्री शेजाऱ्यांच्या घरांसाठी जागणाऱ्या या मुलांबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच वाटते की उद्या काही विपरीत घडले तर गुन्हा मंडळावर नव्हे, त्यांच्यावर व्यक्तिशः दाखल होईल, हे त्यांना कुणीतरी स्पष्ट सांगायला हवे.

गेल्या गळीत हंगामात आमच्या भागात मध्यरात्री एक ऊसतोड मजूर औषधाचे दुकान शोधत आला. आधार कार्ड जवळ नाही म्हणून त्याला मंडळाच्या खोलीत बसवून ठेवले, त्याचा फोटो ग्रुपवर फिरला, आणि हातातली तापाच्या गोळ्यांची रिकामी पट्टी तो प्रत्येकाला दाखवत राहिला. कुणी हात उगारला नाही, हे खरे. तरीही एखाद्याला असे अडकवून ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 127 खाली गुन्हा ठरू शकतो.

सामान्य नागरिकाला अटकेचा अधिकार आहे, पण तो फार मर्यादित आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 नुसार आपल्यासमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला किंवा फरारी घोषित गुन्हेगारालाच पकडता येते आणि सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावे लागते. नुसता संशय त्यात बसत नाही. शिवाय पाच किंवा अधिक जणांचा जमाव बेकायदेशीर ठरला आणि त्यातल्या एकाने समान उद्दिष्टासाठी काठी चालवली, तर बाजूला बॅटरी धरून उभा असलेलाही भारतीय न्याय संहितेच्या कलम 190 खाली तितकाच दोषी धरला जाऊ शकतो. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला खटल्यात झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी नेमण्याचे आदेश दिले.

महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 63ब मध्ये ग्रामसंरक्षण दलांची तरतूद आहे, पण ती गावांसाठी. शहरातल्या कॉलनीची गस्त पोलिसांच्या तोंडी परवानगीवर चालते, आणि प्रकरण अंगाशी आले की ती परवानगी दिली होती असे म्हणायला कुणी पुढे येत नाही. माझा मुख्य आक्षेप यालाच आहे. पोलिसांना या मुलांची मदत हवी असेल, तर त्यांनी जबाबदारीही लेखी घ्यावी. गस्तीवर कोण आहे याची यादी ठाण्यात असावी, रोजच्या नोंदवहीवर बीट अंमलदाराची सही असावी, आणि संशयित दिसताच 112 ला फोन करून अंतरावर थांबायचे, हे पहिल्या बैठकीतच सांगितले जावे. आमच्या मंडळाने असा अर्ज ठाण्यात द्यावा म्हणून मी मसुदा तयार केला आहे. इतर भागांतील मंडळांना हवा असल्यास कळवावे, पाठवून देईन.